तिसऱ्या ओळीतला लाल ठिपका

शाळेत 'कान' बसवायला माणसं आली तेव्हा मी जंताच्या गोळ्या देत होते. पोरं गोळी गालात लपवतात आणि आपली पाठ वळली की खिडकीतून भिरकावतात, म्हणून प्रत्येकाला आ करायला लावून बघावं लागतं. त्यात हे दोघं शिडी घेऊन दारात उभे. "मॅडम, जरा बाजूला व्हा." मी झाले नाही. गोळ्या संपेपर्यंत त्यांना तसंच उभं ठेवलं.

आमची शाळा यंत्रमाग वसाहतीतली, पहिली ते चौथीची. चारी बाजूंनी मागांची खडखड. पोरांच्या केसांत सकाळी सकाळी सुताचा भुसा असतो आणि निम्मी पोरं खोकत असतात. आरोग्याचं जे काही नवं येतं ते माझ्याच वाट्याला येतं. हात धुवायचे नळ, लोहाच्या गोळ्या, मोड आलेली मटकी, डोळ्यांची तपासणी, सगळं. "मगदूमबाई म्हणजे आपल्या शाळेचा दवाखाना," असं मुख्याध्यापक बुगडे सर पाहुण्यांना सांगतात. कौतुक करून काम गळ्यात मारणं त्यांना छान जमतं.

कानाचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते पोरांनी पहिल्याच दिवशी टाकून दिलं. पटांगणाभोवती पत्र्याच्या कडेला बसवलेले सुपारीएवढे मायक्रोफोन आणि व्हरांड्यात एक मोठा पडदा, एवढंच ते यंत्र. ते जुळवायला पुण्याहून प्रांजल नावाची इंजिनीअर आली होती. वयानं माझ्या पहिल्या बॅचच्या पोरींएवढी असेल. पण तिला समजावून सांगता येत होतं, हे मला मान्य करावं लागलं.

"आवाज फक्त गळ्यातून येत नाही," ती म्हणाली. "छाती, पोट, मान, जबडा सगळं त्यात असतं. अंगात रक्त कमी असलं की ओळ संपायच्या आत श्वास संपतो. ऐकण्यात दोष असला की मूल 'स' आणि 'श' पुसट म्हणतं, कारण ते त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. आणि माणूस घाबरलेला असला की स्वरयंत्राचे स्नायू आवळले जातात, आवाजात बारीक थरथर येते. आपल्याला ती कळत नाही. याला कळते."

"शंभर पोरांच्या गलक्यात कुणाचा आवाज कुठला, ते कसं कळणार?" मी विचारलं.

"जागेवरून. एकच आवाज प्रत्येक मायक्रोफोनला किंचित मागेपुढे पोचतो. त्या फरकावरून तो कुठून आला ते काढता येतं. मुलांचे आवाज साठवायला कायद्यानं बंदी आहे, मॅडम. म्हणून यंत्र आवाज ओळखत नाही, जागा ओळखतं. मोठ्यांचे आवाज तर ते गाळूनच टाकतं."

"म्हणजे आम्ही शिक्षक मेलो तरी त्याला पत्ता नाही."

"शिक्षकांचं आरोग्य या योजनेत बसत नाही," ती हसून म्हणाली. मीही हसले. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी घाईनं बाहेर गेले, कारण आमच्या यांचा फोन तिसऱ्या रिंगच्या आत घेतलेला बरा असतो.

पटांगणावर पिवळी वर्तुळं रंगवली, प्रत्येक पोराचं एक. सकाळी परिपाठाला प्रार्थना आणि शाळा सुटताना एकसुरात पाढे, ही आमची नेहमीचीच पद्धत. त्या दोन वेळांना कान ऐकायचा. पडद्यावर प्रत्येक वर्तुळाचा ठिपका उमटायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा. पोर गैरहजर असलं की ठिपका करडा. पहिल्याच महिन्यात कानानं अरमानचा उजवा कान अधू आहे हे सांगितलं. मी दोन वर्षं त्याला "लक्ष कुठं असतं रे तुझं" म्हणत होते. चौथीच्या चार पोरींचं रक्त कमी निघालं. बुगडे सरांची छाती फुगली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं अंदाजानं चालवलेलं काम आता कुणीतरी मोजून देत होतं.

भीतीबद्दल काही सांगायला मात्र कानाला महिनाभर ऐकावं लागायचं. महिना झाला आणि तिसऱ्या ओळीतला एक ठिपका लाल झाला. दुर्वा हुपरेचा.

दुर्वाबद्दल आधी सांगायला हवं. ती तिसरीत आहे. तिची आई ती तान्ही असतानाच गेली. बाप बाळासो, मागावरचा कामगार. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून त्यानं पोरीला कारखान्यातच मागाशेजारी झोळीत वाढवलं. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांनी बोलतात. शब्द पुरता ओठांवर आणायचा, आवाज काढायचा नाही, समोरच्यानं ओठ बघून समजून घ्यायचं. दुर्वा बोलायला शिकली ती अशी. गळ्यात काही दोष नाही, मी स्वतः तिला दवाखान्यात नेऊन दाखवलंय. तिला आवाजाची गरजच कधी पडली नव्हती. मी तिचे ओठ वाचायला शिकले आणि मग आमच्या भर वर्गात अशा गप्पा चालायच्या की शेजारच्या पोराला पत्ता लागायचा नाही.

तरी तिचा आवाज बाहेर यावा हा माझा हट्ट होता. रोज परिपाठाला आणि पाढ्यांना मी तिच्या मागे गुडघ्यावर बसायचे, तिच्या कानाशी तोंड न्यायचे आणि तिच्या वयाच्या आवाजात म्हणायचे. लहान पोरांच्या बाईला पोरांसारखा बारीक आवाज काढता यावाच लागतो. वाटायचं, माझा आवाज धरून तिचा येईल. अलीकडे तिच्या पाठीवर ठेवलेल्या हाताला काहीतरी हलल्यासारखं लागायचं. मला वाटलं, आला एकदाचा.

आणि आता हा लाल ठिपका.

"सकाळी आल्याआल्या लाल, सुटायच्या वेळी परत लाल," बुगडे सर पडद्याकडं बोट दाखवून म्हणाले. "सोमवारी सगळ्यात जास्त. प्रांजल मॅडम म्हणतात, शाळेची भीती असती तर सुटताना निवळली असती. ही घराची भीती आहे, बाई. घरातल्या माणसाची."

मी रोज तिच्या पाठीवर हात ठेवून बसत होते आणि मला काही कळलं नव्हतं.

लाल ठिपका दोन आठवडे टिकला की बालसंरक्षण कक्षाला आपोआप कळवलं जातं. तिथून शिरगुप्पे मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी अशी घरं पाहिली असतील, जिथं उशीर झाला. बाळासोला बोलावलं. तो रात्रपाळी करून तसाच आला, भुवयांवर भुसा घेऊन, आणि मागावरच्या माणसासारखा मोठ्यांदा बोलायला लागला.

"माझी पोरगी मला भित्या व्हय? कोण म्हणतंय? हात उगारलेला न्हाई वो मी कदी तिच्यावर!"

"आवाज खाली," शिरगुप्पे मॅडम म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

"आवो, माझा आवाजच असा हाय. मागावं कान बधिर हुत्यात, सगळ्यांचाच असा असतोय."

दुर्वाला समोर उभं केलं. तिनं बापाकडं बघत नीट, सावकाश ओठ हलवले. मी म्हणाले, "ती म्हणतेय, बाबा लई चांगला हाय, मला त्याच्याजवळच ऱ्हायचंय."

"मगदूमबाई, मला फक्त ओठ हलताना दिसले. मुलीची भीतीनं वाचा बसलीय. तुम्ही तिच्या वतीनं बोलू नका, प्लीज."

मी मागे सरकले. ठरलं असं, की शनिवारी सकाळी शाळेत बैठक होईल, शाळेच्या आरोग्य समितीचं मत घेतलं जाईल आणि सोमवारपासून दुर्वाला कोल्हापूरला निरीक्षणासाठी निवासी केंद्रात ठेवलं जाईल. किती दिवस, ते ठिपका ठरवणार. बाळासो खाली फरशीवरच बसला. पोरगी त्याच्या भुवयांवरचा भुसा वेचत राहिली.

आरोग्य समितीत एक डॉक्टर लागतो. आमच्या समितीतले डॉक्टर म्हणजे माझेच यजमान, डॉ. भरतेश मगदूम, दातांचे. दरवर्षी फुकट तपासणी करतात, पोरांना ब्रश वाटतात. पोरांचे ते लाडके आहेत. सगळ्यांचेच आहेत. कुणावर आवाज चढवलेला त्यांना कुणी ऐकलेलं नाही, मीसुद्धा नाही.

"बाप गुन्हेगार दिसतो," जेवताना ते म्हणाले. "आज शाळेतून निघायला सहा मिनिटं उशीर का झाला?"

"बैठकीचं बोलत होतो. बुगडे सरांशी."

"बुगड्यांना विचारू?"

"विचारा की."

त्यांनी फोन उचलला, माझ्याकडं बघत राहिले आणि हसून खाली ठेवला. "चेष्टा केली गं. इतकी दचकतेस काय?" मग त्यांनी आतून कुलूप लावून किल्ली नेहमीसारखी आपल्या उशीखाली नेली. चोऱ्या फार होतात म्हणून. मी भांडी घासली, वाटीला वाटी लागून आवाज होणार नाही अशा बेतानं. लग्नाला सोळा वर्षं झाली. एव्हाना हात आपोआप तसे चालतात.

शुक्रवारी प्रांजल परत आली. एवढा गंभीर निर्णय होणार, म्हणून तिला यंत्र एकदा तपासून घ्यायचं होतं. परिपाठ सुरू व्हायच्या आधी तिनं आम्हा सगळ्या शिक्षकांना व्हरांड्यात उभं केलं. "मोठ्यांनी आज वर्तुळांजवळ जायचं नाही."

दुर्वानं मागे वळून बघितलं. मी मानेनंच सांगितलं, म्हण तू.

प्रार्थना सुरू झाली. पडद्यावर हिरवे ठिपके उमटत गेले, एखादा पिवळा. तिसऱ्या ओळीत एक ठिपका करडाच राहिला.

"दुर्वा हुपरे आज गैरहजर आहे?" प्रांजलनं विचारलं.

मी पटांगणाकडं बघितलं. दुर्वा तिच्या वर्तुळात उभी होती, हात जोडून, डोळे मिटून. ओठांवर प्रार्थनेचा शब्द न् शब्द अचूक उमटत होता.

"हजर आहे," मी म्हणाले. "प्रांजल, मोठ्यांचे आवाज हे गाळतं म्हणालीस. कसं गाळतं?"

"जाडीवरून आणि उंचीवरून. साधारण सव्वा मीटरच्या वरून आलेला आवाज मोठ्यांचा धरतो. का?"

"आणि मोठं माणूस गुडघ्यावर बसून बारीक आवाजात म्हणायला लागलं तर?"

"तर..." ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून थांबली. मी तिथून निघाले. तिसरीच्या वर्गात जाऊन फळ्यावर तारीख लिहिली, पुसली, परत तीच लिहिली.

दुर्वाचा आवाज कधी आलाच नव्हता. गेले दोन महिने यंत्र ऐकत होतं ते मला.

दिवसभर मी जागेवर बसू शकले नाही. माझं डोकं पहिल्यांदा भलतीकडंच धावलं, की यंत्रात बिघाड आहे. मला कसली भीती? मला मारहाण नाही, उपासमार नाही. दोन वेळचं नीट आहे, नवरा निर्व्यसनी आहे, गावात मान आहे. मग सकाळी लाल आणि सुटताना लाल हे आठवलं. सोमवारी सर्वांत लाल, कारण रविवारी दवाखाना बंद असतो आणि ते दिवसभर घरी असतात. मधल्या एका आठवड्यात ठिपका चक्क हिरवा होता आणि बुगडे सर म्हणाले होते, बाप सुधारला वाटतं. त्या आठवड्यात हे हैदराबादला परिषदेला गेले होते. मला आठवलं, त्या आठवड्यात मी भांडी कशीही आपटत होते.

शंभर पोरांना आ करायला लावून तोंडात बघणारी मी. मला माझाच राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. मधल्या सुट्टीत मी मटकीच्या पातेल्याआड जाऊन रडून घेतलं.

मार्ग सोपा होता म्हणा. सोमवारपासून दुर्वाच्या मागे बसायचं नाही. ठिपका करडा होईल, कुणाला काही कळणार नाही. पण दुर्वाला न्यायचा कागद शनिवारीच निघणार होता. एकदा कोल्हापूरला गेली की तिथल्या यंत्रासमोरही ती ओठच हलवणार, आणि वाचा बसलेली मुलगी कोण परत पाठवतंय? तिला थांबवायचं तर तो आवाज माझा आहे असं सांगावं लागणार होतं. समितीसमोर. आणि समितीत हे बसलेले असणार.

संध्याकाळी घरी मी काही बोलले नाही. "गप्प का?" त्यांनी विचारलं. "डोकं दुखतंय," मी म्हणाले. त्यांनी उठून गोळी आणून दिली, पाणी दिलं आणि मी ती गिळेपर्यंत समोर उभे राहिले.

शनिवारी सकाळची शाळा. पोरं पटांगणात कवायत करत होती. व्हरांड्यात टेबलामागे शिरगुप्पे मॅडम, बुगडे सर आणि हे, पांढऱ्या शर्टात. समोर बाळासो, आज आंघोळ करून, इस्त्रीच्या कपड्यांत. प्रांजल पडद्याजवळ उभी होती आणि माझ्याकडं एकटक बघत होती. ती काही बोलली नव्हती. ते बोलणं तिचं नाही, हे तिला कळलं असावं.

"डॉक्टरांचं मत?" शिरगुप्पे मॅडमनी विचारलं.

"मुलीचं हित आधी," हे मऊ आवाजात म्हणाले. "मुलीला बापापासून लांब ठेवावं."

"मॅडम," मी म्हणाले, "तो आवाज दुर्वाचा नाही. माझा आहे."

कुणालाच काही कळलं नाही. हे हसले. "पद्मजा, हे काय? तिला जरा ताण आलाय, मॅडम. काल डोकं दुखत होतं."

"दाखवते," मी म्हणाले.

मी पायऱ्या उतरले. कवायत थांबवली. तिसऱ्या ओळीत गेले, दुर्वाला शेजारच्या वर्तुळात उभं केलं आणि तिच्या वर्तुळात गुडघ्यावर बसले. प्रांजलनं कान सुरू केला. मी बारीक आवाजात प्रार्थना म्हणायला लागले. इतक्या पोरांसमोर, इतक्या मोठ्यांसमोर, एकटी. पहिल्याच ओळीला पडद्यावर तिसऱ्या ओळीत ठिपका उमटला. लाल.

पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. शिरगुप्पे मॅडम खुर्चीतून उठल्या. त्या एकदा ठिपक्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी मान वळवून यांच्याकडं बघितलं. घरातल्या माणसाची भीती, हे वाक्य अहवालात त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं.

"झालं ना?" हे उठले. चेहरा हसराच. "यंत्रं ती, चुकायचीच. पद्मा, ऊठ. घरी चल. आराम कर."

"आले," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं, त्याच बारीक आवाजात, गुडघ्यावर बसल्या बसल्या. सोळा वर्षांची सवय. पडद्यावरचा ठिपका गडद लाल झाला. पटांगणातल्या बारक्यातल्या बारक्या पोरालाही लाल म्हणजे काय ते ठाऊक होतं.

माझ्या बाहीला कुणीतरी ओढलं. दुर्वा. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवला, जसं मागाच्या आवाजात समोरच्याला वळवतात, आणि ओठ हलवले. सावकाश, नीट.

बाई, जाऊ नका.

पडद्यावर ती उभी होती त्या वर्तुळाचा ठिपका करडा होता. कानाच्या लेखी तिथं कुणी नव्हतं.

मी उभी राहिले, ताठ, माझ्या पूर्ण उंचीनं. तिसऱ्या ओळीतला लाल ठिपका विझला आणि करडा झाला. आता मी यंत्राच्या कामाची नव्हते, मोठी झाले होते.

"मी येत नाही," मी म्हणाले.

आवाज बराच मोठा निघाला असावा. कारण व्हरांड्यातून बाळासो, सगळ्यांच्या वर, मागावरच्या आवाजात ओरडला, "येत न्हाईत म्हणाल्या त्या, डॉक्टर! ऐकलं न्हवं?"